मामांचा स्लॅब आणि घरातली नऊ माणसं

(वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं घेऊन)

काका, नमस्कार. खानापुरात स्टँडाजवळ आमचं किराणा दुकान आहे. बाबा होते तेव्हा काउंटरवरून माल काढून द्यायचो. दोन वर्षांमागं गुढीपाडव्याला मी रॅक लावून मिनी मार्ट केलं, आता गिऱ्हाईक बास्केट घेऊन आत फिरतं. महिन्याला नऊ लाखांची विक्री होते. खाली दुकान, वर घर. चुलते धरून घरात नऊ माणसं, किराणा अर्थातच दुकानातला. यंदा पाडव्यानंतर पहिल्यांदाच सगळा माल मोजला, तर कॉम्प्युटर सांगतो त्यापेक्षा १,८४,००० रुपयांचा माल कमी भरला. तेव्हापासून झोप नाही.

कामाला पाच माणसं आहेत, दोन मुली गल्ल्यावर. त्यातले मामा बाबांच्या वेळचे, त्यांना बावीस वर्षं झाली. गोडाऊनची किल्ली त्यांच्याकडंच असते. त्यांनी याच वर्षी घरावर स्लॅब टाकला. मुलगा गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे, तरी लोक बोलतात. धाकटा भाऊ म्हणतो, पाचही जणांच्या पगारातून महिन्याला दोन-दोन हजार कापायचे. बेळगावचा एकजण सोळा कॅमेरे आणि दारात वाजणारं गेट असं मिळून १,४०,००० चं कोटेशन देऊन गेलाय. त्यात मागच्या आठवड्यात ओळखीच्या घरातली एक बाई तुपाचा लिटरचा पुडा पिशवीत घालताना आहे त्या कॅमेऱ्यात दिसली. भावाला तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकायचाय. मी कसाबसा थांबवलाय. काय करू?

---

काका म्हटलंस तर अरे-तुरेच करतो.

आधी तो व्हिडिओ. तो ग्रुपवर जाऊ द्यायचा नाही. का ते खाली येईलच, पण तुझा भाऊ उतावीळ दिसतो म्हणून हे पहिल्यांदा सांगून ठेवतो.

आता मामांचा स्लॅब. मी बेळगावात शहापुरात वीस वर्षं किराणा दुकान चालवलं आणि नंतर पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत माल मोजायचं काम केलं. माझ्या दुकानात एकदा अंगाच्या साबणाची तूट यायला लागली. दर महिन्याला शंभरेक वड्या कमी. येळ्ळूरचा एक पोरगा कामाला होता, एकोणीस-वीस वर्षांचा. त्यानं नवी सायकल घेतली होती. सायकल माझ्या डोळ्यांत भरली आणि मी त्याला काढून टाकला. पुढच्या महिन्यात तूट पुन्हा तेवढीच. मग पेटी फोडून मोजली. कंपनीनं १४४ वड्यांची पेटी १२० ची केली होती, आणि मी वहीत आपला पेटीला १४४ लिहीत बसलो होतो. पोरगा तोवर गोव्याला हॉटेलात लागला होता. मी त्याच्या घरी जाऊन बापाला सगळं सांगितलं. बापानं चहा दिला. बोलला काहीच नाही.

म्हणून मला कुणी सायकल, स्लॅब, बायकोच्या गळ्यातलं नवं डोरलं असं काही सांगायला लागलं की मी आधी पेटीत किती नग आहेत ते विचारतो.

तर तुझा आकडा. १,८४,००० कुठल्या भावानं काढलास? काही सॉफ्टवेअर तूट एमआरपीनं दाखवतात. तुला सरासरी बारा टक्के सुटत असतील तर खरेदीच्या भावानं ही तूट सुमारे १,६२,००० होते. दुसरं, ही एका वर्षाची तूट नाही. तू पहिल्यांदाच मोजलंस, म्हणजे दोन वर्षांचं साचलेलं एकदम पुढं आलं. महिन्याला नऊ लाख धरले तर चोवीस महिन्यांची विक्री दोन कोटी सोळा लाख. त्यावर तुझी तूट शेकडा एकाच्याही आत आहे, ०.८५ टक्के. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेनं २०२२ सालासाठी तिथली सरासरी तूट विक्रीच्या १.६ टक्के सांगितली होती. खानापूरची अमेरिकेशी बरोबरी करायची नाही, पण तुझं दुकान बुडालंय असं समजायचं कारण नाही एवढं त्यातून घे.

त्याच संघटनेची एक गंमत सांगतो. एप्रिल २०२३ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की जवळजवळ निम्मी तूट संघटित टोळ्यांच्या चोरीमुळं होते. टीव्हीवर, पेपरात सगळीकडं तेच चाललं. डिसेंबरात त्यांना तो दावा मागं घ्यावा लागला, कारण मुळातला आकडा सगळ्या प्रकारच्या तुटीचा होता आणि तो टोळ्यांच्या नावावर लावला गेला होता. एवढ्या मोठ्या संघटनेकडून जे झालं ते तुझ्याकडून मामांच्या बाबतीत व्हायला नको.

तिसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. दुकान नवं केलंस तेव्हा कॉम्प्युटरमध्ये सुरुवातीचा साठा प्रत्यक्ष मोजून घातलास की बाबांच्या वहीवरून, अंदाजानं? रॅक लावायची घाई, पाडव्याचा मुहूर्त, पाहुणे. मी बघितलेल्या दहातल्या सात-आठ दुकानांत सुरुवातीचा साठा अंदाजाचाच निघाला. तुझंही तसं असेल तर त्या १,८४,००० तला काही माल दुकानात कधी आलाच नव्हता.

आणि आता पत्रातलं ते वाक्य, जे तू जाता जाता लिहून गेलास. घरात नऊ माणसं, किराणा अर्थातच दुकानातला.

या 'अर्थातच'चं बिल होतं का रे?

सकाळी दुधाची पिशवी, चहापूड, साखर. दुपारी तेल संपलं म्हणून वरून हाक आली, पोरगं धावत जाऊन एक पुडा देऊन आलं. चुलत्यांना शेव, भावाला कोल्ड्रिंक, पोरांना बिस्किटं. पाहुणे आले की काजू. दुकानातल्या माणसांचा दोन वेळचा चहा. आईनं देवळात नारळ, साखर दिली. गणपतीत मंडळाला वर्गणी म्हणून पाच किलो रवा. हे सगळं दिवसाला दीडशे रुपयांचं धर, नऊ माणसांच्या घराला हे कमीच आहे. ७३० दिवसांचे होतात १,०९,५००. तुझ्या तुटीतला निम्म्याहून जास्त भाग वरच्या मजल्यावर शिजला असण्याची शक्यता आहे. त्याला कुणी चोरी म्हणणार नाही, पण कॉम्प्युटरला ते कळत नाही. त्याच्या लेखी माल आला, विकला गेला नाही आणि रॅकवरही नाही.

उपाय सोपा आहे, घरात पटवणं अवघड. कॉम्प्युटरमध्ये 'घर' नावाचं गिऱ्हाईक उघड. वर जाणारी प्रत्येक वस्तू, काडेपेटीसुद्धा, त्या नावावर बिल होऊनच जाईल. महिनाअखेरीला ती रक्कम तुझ्या उचलीत टाक. चहा आणि वर्गणी यांची दोन वेगळी नावं कर. आईला सांगताना हिशेब ठेवायचा असं म्हण, नियम म्हणू नकोस, नाहीतर 'माझ्याच दुकानातून मला बिल?' असा तिढा पडेल. पहिली वस्तू तू स्वतः बिल करून वर ने. आणि जीएसटीत कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत, नसशील तर सीएला विचारून घे: घरी वापरलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फेकून दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कलम १७(५) प्रमाणं घेता येत नाही, उलटवावं लागतं. तूट नुसती तूट राहत नाही, तिला कराचीही शेपूट असते.

महिनाभर हे केलंस की उरलेल्या तुटीचं खरं तोंड दिसेल. तेव्हा मागच्या दारात जाऊन उभा राहा.

किराण्यात मोठा माल मागच्या दारानं येतो आणि मोठं नुकसानही तिथंच होतं. बेळगावच्या रविवार पेठेतून टेम्पो येतो तो नेमका जेवणाच्या वेळी. ड्रायव्हरला पुढं नंदगडला जायची घाई. मामा हातातला घास ठेवून उठतात, बिलावर सही करतात, हमाल माल आत टाकतो. पन्नास किलोच्या पोत्यात साखर अठ्ठेचाळीस भरली तर कळणार कधी? पोतं काट्यावर ठेवल्याशिवाय कधीच नाही. सेल्समन म्हणतो दहावर एक फुकट, स्कीमचा अकरावा नग बिलावरही नसतो आणि पेटीतही नसतो. एक्स्पायरीचा माल परत जातो त्याची चिठ्ठी कुणी घेत नाही, क्लेम येतो अर्धा. आणि तुमच्या खानापूरच्या पावसात जुलैतला गूळ, मीठ, खडीसाखर पाझरतात, पुडे भिजतात, उंदीर कुरतडतात. ते फेकलं जातं, लिहिलं जात नाही.

म्हणून माल घ्यायची वेळ बांधून टाक. समज सकाळी नऊ ते अकरा. त्याआधी-नंतर टेम्पो आला तर थांबेल. एक-दोनदा थांबावं लागलं की डिस्ट्रिब्युटर आपोआप वेळ पाळेल. ऑर्डर देणारा आणि माल मोजून घेणारा ही दोन वेगळी माणसं असू देत. आधी मोजायचं, मग बिल हातात घ्यायचं. उलटं केलं की डोळा बिलावरचाच आकडा मोजतो. फेकायचा माल एका लाल क्रेटमध्ये जमवायचा आणि शनिवारी तू स्वतः बघून, लिहून मगच टाकायचा.

गल्ल्याकडं आता येतो. अमेरिकेत डेटन गावात जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता. गल्ल्यावरची पोरं पैसे खिशात टाकायची. एकदा जहाजातून जाताना त्यानं पंख्याच्या फेऱ्या मोजणारं यंत्र बघितलं आणि त्यावरून पैशाची नोंद करणारं यंत्र बनवलं. १८७९ साली पेटंट घेतलं. आजचं कॅश रजिस्टर तिथून आलं. म्हणजे तुझ्या काउंटरवरचं ते मशीन जन्माला आलंच मुळी मालकाला गल्ल्याची काळजी लागली म्हणून. ते नुसतं बिल छापायला वापरू नकोस. त्यात रद्द केलेल्या बिलांचा रिपोर्ट असतो, तो तू कधी उघडलायस का? बिल करून पैसे घेतले, गिऱ्हाईक गेलं की बिल रद्द, रोकड खिशात. किंवा मैत्रीण आली, आठ वस्तूंतल्या पाचच स्कॅन झाल्या. असं तुझ्याकडं होतंच असं नाही. पण बिल रद्द करायचा पासवर्ड फक्त तुझ्याकडं ठेवलास, दोन मुलींचे दोन वेगळे गल्ले केलेस, सकाळी सुट्ट्यासाठी प्रत्येकीला मोजून रक्कम दिलीस आणि रात्री दोघींसमोर मोजलीस तर संशयाला जागाच राहत नाही. हे त्या पोरींच्याही भल्याचं आहे. एकाच गल्ल्यात चार हात असले की कमी पडलेल्या शंभर रुपयांचा आळ चौघांवर येतो.

मोबाइलवरून पैसे देणाऱ्याचा स्क्रीनशॉट बघून माल सोडायचा नाही. साउंडबॉक्स बोलला किंवा तुझ्या फोनवर रक्कम जमा झाली तरच पैसे आले. सकाळी शटर उघडलं की क्यूआरवर कुणी दुसरा कागद चिकटवलाय का ते बोटानं चाचपायचं आणि स्वतः एक रुपया टाकून नाव बघायचं. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आता मोजणी. वर्षातून एकदा सगळं दुकान मोजणं म्हणजे वर्षातून एकदा ताप बघणं. रोज वीस वस्तू मोज. सगळ्या नव्हे, चोरीला जाणाऱ्या. तूप, काजू, वेलदोडा, बदाम, दाढीची ब्लेडं, डिओ, महागडे शॅम्पू, लहान बाळाच्या दुधाचे डबे, मोठी चॉकलेटं. लहान, महाग आणि सहज विकता येणारं हे जातं. पाच किलोचा आटा कुणी पिशवीत घालत नाही. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरचा आकडा आधी सांगायचा नाही. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, फरक आला तर तिसऱ्यानं पुन्हा मोजायचं. रात्री दुकान बंद करताना अर्धा तास. तीन आठवडे केलंस की कागद बोलायला लागतो. तूप फक्त बाजाराच्या दिवशी कमी होतंय, तर गर्दीतलं गिऱ्हाईक. काजू रोज थोडे कमी, रोज तेवढेच, तर आतलं कुणीतरी, किंवा वजन करणाऱ्याचा हात सैल. एखादी वस्तू एकदम पेटीभर कमी, तर ती आलीच नव्हती, मागचं दार बघ. आणि एक वस्तू कमी, तिच्याच शेजारची तेवढीच जास्त, तर कुणी काही नेलेलं नाही, चुकीचा बारकोड स्कॅन होतोय.

ही ओळख झाल्याशिवाय १,४०,००० खर्च करू नकोस. गेटचं म्हणशील तर दारात वाजणारी ती यंत्रणा कपड्यांच्या दुकानात शोभते. हजार रुपयांच्या शर्टाला टॅग परवडतो आणि तो पुन्हा वापरता येतो. किराण्यात प्रत्येक पुड्याला चिकटणारं लेबल लावायचं, तो खर्च रोजचा. त्यातून ती साधी लेबलं चंदेरी पुड्यावर आणि पत्र्याच्या डब्यावर नीट चालत नाहीत. म्हणजे नेमकं तूप, चहा आणि बाळाचं दूध यांवरच गाडं अडतं. कॅमेरे सोळा नकोत, चार धड हवेत: गल्ल्यावर वरून, मागच्या दारात, दर्शनी दारात चेहरा दिसेल असा, आणि महागड्या रॅकवर. तीस दिवसांचं रेकॉर्डिंग राहील एवढी हार्डडिस्क घाल. तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघ. मी एका दुकानात बघितलं, कॅमेऱ्याचं घड्याळ सात तास मागं होतं आणि मालक रात्री दोनच्या चोराला शोधत होता.

रॅकची उंची किती केलीस? सुताराला सांगितलं की तो सात फूट करतो, म्हणजे माल जास्त मावतो. पण मधल्या ओळीतला माणूस तुला दिसत नाही. मधले रॅक छातीएवढे कर, उंच फक्त भिंतीला. तूप-काजू गल्ल्याच्या मागं, मागितल्यावर काढून द्यायचं, बाबांच्या पद्धतीनं. त्यात कमीपणा काही नाही. आणि सगळ्यात स्वस्त बंदोबस्त म्हणजे बोलणं. दारातून आत आलेल्या प्रत्येकाकडं बघून एकानं विचारायचं, 'काय हवंय मावशी?' कन्नड गिऱ्हाईक असेल तर 'बर्री अक्का, एन बेकु?' ज्याला खरंच घ्यायचंय त्याला बरं वाटतं आणि ज्याला उचलायचंय त्याला आपल्याकडं लक्ष आहे हे कळतं. सुपरमार्टाच्या नादात आपण हे बोलणं बंद केलं, आणि त्या जागी कॅमेरा लावला. पावसाळ्यात दारातच छत्र्या आणि रेनकोट ठेवायला स्टँड कर. ओलं इरलं पांघरून रॅकमधून फिरणाऱ्याकडं काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

आता ती बाई.

तू काय बघितलंस? पुडा पिशवीत जाताना. मग ती गल्ल्यावर आली का, पिशवीतून काढून बिल केलं का, ते बघितलंस? बास्केटची सवय नसलेली कित्येक माणसं माल स्वतःच्या पिशवीत घालतात आणि गल्ल्यावर काढून ठेवतात. त्या दिवशीची, त्या वेळेची बिलं काढ. तुपाचं बिल सापडलं तर विषय तिथंच संपला.

नाही सापडलं तरी कायदा समजून घे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम ३०३ मध्ये चोरी येते. माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. या कलमाखालची असली लहान चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. नागरिकानं कुणाला स्वतः पकडून ठेवायचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांकडं द्यायचं. म्हणजे साडेसहाशेच्या तुपासाठी तू तिला गोडाऊनमध्ये बसवून ठेवलंस, पिशवी हिसकली, चार माणसं जमवलीस, तर गुन्हा तुझ्यावरच दाखल होऊ शकतो. व्हिडिओ ग्रुपवर टाकून चोर म्हटलंस तर बदनामीचा दावा वेगळा. हे झालं कायद्याचं. खानापूर एवढंसं गाव, तिच्या पोरीचं लग्न ठरत असेल, नवरा गोव्याहून गणपतीला येत असेल. साडेसहाशे रुपयांसाठी तू एका घराचं काय करून ठेवशील त्याचा अंदाज तुझ्या भावाला नाही.

ती पुढच्या वेळी आली की गल्ल्यावर इतर कुणी नसताना सांग, 'अक्का, त्या दिवशी तुपाचं बिल करायचं राहून गेलं वाटतं, आज त्यात धरू का?' बहुतेक वेळा माणूस 'अगबाई, राहिलंच की' म्हणून पैसे देतो. दोघांची लाज राहते. तिनं नाही म्हटलं तर वाद घालू नकोस, पुढं ती आली की एका पोरानं सोबत राहून मदत करायची, हसतमुखानं. पुन्हा झालं तर मग रीतसर तक्रार.

टोळीनं येऊन एकीनं बोलण्यात गुंतवायचं, दुसरीनं उचलायचं, असं सणाच्या गर्दीत घडलं तर मात्र अडवायला जाऊ नकोस, ११२ ला फोन कर, गाडीचा नंबर लिही. फुटेज त्याच दिवशी काढून ठेव. कोर्टात ते चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल. पण मूळ रेकॉर्डिंग पुसलं गेलं तर वकीलही काही करू शकत नाही.

भावाची दोन हजारांची कापणी. सरळ नाही म्हण. नुकसान पगारातून कापायचं तर ते त्याच माणसाच्या निष्काळजीपणामुळं किंवा चुकीमुळं झालं हे दाखवावं लागतं आणि आधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. पाच जणांवर सरसकट वाटणी कायद्यात बसत नाही. आणि व्यवहार बघ. नऊ-दहा हजार पगाराच्या पोरीचे दोन हजार कापलेस की ज्यानं घेतलं नव्हतं त्यालाही वाटणार, पैसे तर गेलेच, मग माल तरी घ्यावा. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं पैशाची अफरातफर केलेल्या कैद्यांना तुरुंगात जाऊन विचारलं होतं, तुम्ही हे का केलंत. त्याला दिसलं ते असं: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी, आणि मनाला घातलेली समजूत की मी काही चोर नाही. संधी तू वर सांगितलेल्या गोष्टींनी कमी करशील. अडचणीसाठी उचल दे. पोरीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी पाच हजार मागायला तुझ्याकडं येता आलं पाहिजे, लिहून, हप्त्यानं फेडायची. तिसऱ्याला, म्हणजे त्या समजुतीला, खतपाणी तुझा भाऊ घालतोय.

मोजणीतून खरंच एखाद्याकडं बोट गेलं तर त्याला एकट्याला बोलावून कागद पुढं ठेव आणि त्याचं ऐकून घे. नोकरानं मालकाच्या मालाची चोरी करणं हा कलम ३०६ चा वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेवढं मोठं हत्यार हातात असताना गावात बोभाटा करायची गरज पडत नाही.

आणि मामा. मुलगा वेर्ण्याला कंपनीत आहे हे तूच लिहिलंस. पोरगा कमावता झाल्यावर बापानं घरावर स्लॅब टाकला, यात मला तरी काही कोडं दिसत नाही. तुला पडत असेल तर सरळ विचार, 'मामा, स्लॅबला किती आला खर्च?' ते लोखंड-सिमेंटासकट सांगतील आणि कर्जाचा हप्ताही सांगतील. लोक बोलतात म्हणून बावीस वर्षांच्या माणसाकडून किल्ली काढून घेतलीस तर ते एक शब्द बोलणार नाहीत, दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद होतील. मग गोडाऊनात कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं आणि कुठला ड्रायव्हर पोतं हलकं टाकतो हे तुला कोण सांगणार? त्यांना विचारलंयस का कधी, माल कुठं जात असेल मामा? मला वाटतं नाही विचारलं. आमच्याकडं म्हणतात तसं 'काय करूलालासा मामा', म्हणजे काय करताय, एवढं रोज विचारतोस, पण हे नाही.

पुढची पूर्ण मोजणी मृग लागायच्या आत कर, एकदा पाऊस लागला की भिजलेल्या मालाचा घोळ त्यात मिसळतो. दुकान एक दिवस बंद ठेव. यावेळचा आकडा खरा सुरुवातीचा साठा म्हणून कॉम्प्युटरमध्ये घाल, जुना पुसून टाक. मोजायला मामांना घे, वही तुझ्या हातात. आणि भावाला लावून दे तुपाचे पुडे मोजायला.